पायाळूची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी माझे पाय जगात आले आणि मग, बरीच खळखळ करून, डोकं. यात माझं कर्तृत्व काडीचं नाही. पण आमच्याकडे अशी समजूत आहे की कोणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना एकदम चमक निघून माणूस तिथल्या तिथे अडकला, तर पायाळू माणसानं त्याच्या कमरेत हलकी लाथ मारावी. उसण पळून जाते. पायाळूला जमिनीतलं गुप्तधनही दिसतं म्हणतात. मला आजवर फ्रिजखाली गेलेला गॅसचा लायटर दिसलेला नाही, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. लोकांना धन नको होतं, लाथ पाहिजे होती.

मी फ्रॉक घालायची तेव्हापासूनची ही प्रॅक्टिस. सकाळी दात घासत घरापुढच्या ओट्यावर यावं, तर कोणीतरी काका तिथे पालथे पडलेले. आता मोठ्या माणसाला पाय लावणं वाईट. म्हणून आईनं मला शिकवून ठेवलं होतं की लाथ मारायची आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडायचं. लाथ आणि नमस्कार, दोन्ही एका दमात. पुढे मला इतकी सवय झाली की शाळेत फुटबॉलला लाथ मारल्यावरही मी वाकले होते.

बाबांना या सगळ्याचा भयंकर राग. बाबा वीज मंडळात लाइनमन होते, सगळी नोकरी खांबावर गेली. धम्मदीक्षेच्या वेळी ते आजोबांच्या खांद्यावर बसून होते, आणि तिथून जे पाहिलं ते त्यांनी जन्मभर सोडलं नाही. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, काळा दोरा नाही. आणि पोटची पोरगी मोहल्ल्यात लाथा वाटून राहिलेली!

"देव सोडले, भगत सोडले, भुतं सोडले," ते ओरडायचे, "आन् माह्याच ओट्यावर लाथेचा दवाखाना! उठा! उठा बे तिथून!"

पण उसण भरलेला माणूस उठणार कसा? उठता येत असतं तर तो आला कशाला असता? बाबा चपला शोधायला आत वळले की आई मला डोळ्यानं खुणवायची. मी पटकन एक लाथ, एक नमस्कार, आणि काका "बरं वाटलं वं पोरी" म्हणत भिंत धरून पसार.

बाबांचं सगळं तत्त्वज्ञान त्यांच्या खिशात असायचं. लोक खिशाला पेन लावतात, बाबा टेस्टर लावायचे. रिटायर झाले तरी लावतात. "टेस्टर पेटला तं करंट आहे. नाई पेटला तं नाई. मधात काही नसते." पाहुण्यांचा खरेपणा, भाजीचा ताजेपणा, जावयाची अक्कल, सगळं त्यांच्याकडे याच मापानं मोजलं जायचं.

लग्न झाल्यावर वाटलं, सुटले बाप्पा. कुठलं काय! सासर माहेराला लागूनच, आणि यजमान हिंगण्याच्या कारखान्यात. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. यजमानांनी बसमध्ये फुशारकी मारली की माझी बायको पायाळू आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीची माणसं, युनिफॉर्मात, डबे बाजूला ठेवून, आमच्या ओट्यावर रांगेनं पालथी. बस हॉर्न वाजवून राहिली. मग एका सकाळी हॉर्न काही वाजेना. म्हटलं आज बस आली नाही काय, तर ड्रायव्हरच रांगेत पडलेला. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी त्यांनी ती रांग पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग माझी कंबर दुखायला लागली.

नेमकी कधी, ते सांगता येत नाही. उसण असती तर सांगता आलं असतं. हे दुखणं पाहुण्यासारखं आलं आणि "जातोच आता, जातोच आता" म्हणत राहूनच गेलं. मी धरमपेठेत साड्यांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर गादीवर बसायचं, मागं वळून फळीवरून गठ्ठे काढायचे, पुढं वाकून साड्या उलगडायच्या. "अजून दाखवा ना" म्हणत बाई सगळं दुकान उलगडून घेतात आणि शेवटी परकराची नाडी घेऊन जातात. मी मालकांना कंबर दुखते म्हटलं तर ते म्हणाले, "बसूनच तर काम आहे, ताई!" जसं काही बसते ती दुसरीच कोणाची कंबर.

आधी फक्त कंबर दुखायची. मग मांडीतून खाली, मग पाठीतून वर मानेपर्यंत. कुकर उतरवताना रडू यायचं. कूलरमध्ये बादलीनं पाणी भरताना रडू यायचं. कुशीवर वळायचं म्हटलं तर आधी मनाची तयारी करावी लागायची. दिसायला मी ठणठणीत, गाल वर आलेले, त्यामुळं कोणाला दया येण्याचा प्रश्नच नव्हता.

उपाय मात्र फुकट आणि भरपूर. एकीनं बिब्बा लावायला सांगितला. कंबर तशीच राहिली, वरून फोड आले. एकीनं एरंडाची पानं बांधली. रात्रभर मी कूस बदलली की भेळेचा पुडा उघडल्यासारखा आवाज. दुकानातल्या एकीनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली, तीही मे महिन्यात. नागपुरात मे महिन्यात शेकायला पिशवी लागते? दुपारी अंगणात पाठ करून उभं राहिलं तरी पोळी भाजून निघते!

समोरच्या घरातल्या काकू म्हणजे आमच्या मोहल्ल्याचं रेडिओ स्टेशन. त्यांना माझं दुखणं मंजूरच नव्हतं. "पायाळूची कंबर कुठी दुखते का वं? मासोळीले कधी सर्दी झाली काय?" मग त्यांनीच सुचवलं, "तूच तुले लाथ मारून पाह्य ना."

मी, काय सांगू, मारून पाहिली. पलंगाचा दांडा धरला, टाच मागून वर नेली, तोल गेला आणि कूलरवर पडले. कंबर होती तिथेच, वरून कोपर सुजलं. मग काकूंनी माझ्यासाठी दुसरा पायाळू शोधायची मोहीम काढली. तिथे वेगळीच अडचण. हल्ली मूल पायाकडून आहे म्हटलं की डॉक्टर सिझर करून टाकतात. मग असं सिझरवालं पोर पायाळू धरायचं का नाही? यावर काकूंच्या ओट्यावर दोन तट पडले आणि बायका तीन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. माझी कंबर बाजूलाच राहिली.

शेवटी धंतोली गाठली. धंतोलीत दवाखान्याला दवाखाना लागून आहे. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं पिशव्या सांभाळत बाकांवर बसलेली असतात. मोठ्या डॉक्टरांनी माझा एमआरआय उजेडात धरला आणि म्हणाले, "वा! या वयात इतके सुंदर मणके!" आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या रूपाची तारीफ केली, ती मणक्यांची. मला हुंदका फुटला. डॉक्टरांना वाटलं आनंद झाला. बाहेर कंपाउंडर म्हणाला, "नॉर्मल आहे ना? मग पेढे आणा ताई!"

घरी बाबांनी चष्मा लावून रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"नॉर्मल."

"हो, पण बाबा, दुखते ना."

"कायनं दुखन? टेस्टर पेटला नाई. मंजे करंट नाई."

"अहो, पण मले झटके बसून राहिले त्याचं काय?"

"मनात असन," बाबा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणजे पाहा. लाथेवर विश्वास असलेले म्हणणार, तू पायाळू, तुला दुखूच शकत नाही. लाथेवर विश्वास नसलेले बाबा म्हणणार, रिपोर्ट नॉर्मल, तुला दुखूच शकत नाही. जन्मभर ज्यांचं एका गोष्टीवर पटलं नाही, त्या दोन पार्ट्यांचं माझ्या कमरेवर एकमत झालं. मला गोळ्या नको होत्या, आराम नको होता, खरं सांगते. मला इतकंच पाहिजे होतं की कोणीतरी म्हणावं, हो, दुखतं तुझं. आणि ते कोणीतरी म्हणजे बाबा. काकूंच्या म्हणण्याचं मला काही नव्हतं. पण खोटं कधी न बोलणारा माणूस जेव्हा आपल्याला खोटं पाडतो ना, तेव्हा फार लागतं.

एका पायावर उभं राहून दुसरा उचलायचा म्हटलं की डोळ्यांपुढं तारे चमकायला लागले, तेव्हा मी लाथा बंद केल्या. मोहल्ला खवळला. "भाव खाऊन राहिली." "आता फी लावते वाटते." एक आजोबा रोज सकाळी येऊन ओट्यावर पालथे पडायचे, थोडा वेळ वाट पाहायचे आणि उठून जायचे. सत्याग्रहच म्हणा ना.

दुकानातल्या त्या गरम पिशवीवालीनंच मला धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. या फक्त दुखण्याच्या डॉक्टर. असेही डॉक्टर असतात हे मला माहीत नव्हतं. तरुण, बारीक, चष्मेवाल्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "कुठं दुखतं ते सांगा. सावकाश सांगा." मी सांगत सुटले. मधे त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग म्हणाल्या, "फोटोत दिसलं नाही म्हणजे दुखत नाही, असं नाही. दुखणं असं महिनोन् महिने राहायला आलं की तोच एक आजार असतो. तुम्ही नाटक करत नाही. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, पण पुष्कळ कमी करू."

मला पुन्हा रडू फुटलं. या खेपेला आनंदानं. पण त्यांना फरक कळला नसावा, त्यांनी रुमालांचा अख्खा डबा माझ्याकडे सरकवला.

जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं गल्लोगल्ली आहेत हो. डासांची फवारणी होते, पोलिओचे डोस होतात, बीपी-शुगरची शिबिरं होतात. दुखणं कोणाच्या खिजगणतीत नाही. माणसं मेडिकलमधून गोळ्या आणून खातात, पोट बिघडवून घेतात, कामं सुटतात, घरात चिडचिड करतात. लोक म्हणतात स्वभाव वाईट आहे."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली, तीही आधी दोनदा फडफडून. अरे, ती गल्लोगल्लीची माणसं मला ठाऊक आहेत! ती माझ्या ओट्यावर पालथी पडून गेली आहेत! तीच ती माणसं, तीच ती कंबर, वर्षानुवर्षं. उसण एकदा भरते आणि जाते. मग हे काका दर महिन्याला काहून येत होते? माझ्या लाथेनं कोणाचं काही बरं झालं नव्हतं, बाबांचं त्यात शंभर टक्के खरं होतं. पण आमच्या ओट्यावर कोणी त्यांना "रिपोर्ट आण" म्हटलं नव्हतं. दुखतं म्हटलं की आम्ही दुखतं असं धरून चालायचो. तेवढ्यासाठी लोक लाथ खायला तयार होते.

आमच्या समाजभवनात दर वर्षी आरोग्य शिबिर होतं. ते भरवतात आमचे माजी नगरसेवक. ते स्वतःला माजी म्हणवून घेत नाहीत, बॅनरवर 'भावी' लिहितात. मी त्यांच्या घरी गेले.

"भाऊ, यंदा शिबिरात दुखण्याचं टेबल लावा."

"कायच्या दुखण्याचं?"

"दुखण्याचंच. कंबर, मान, गुडघे. ज्यायचं रोज दुखते आन् रिपोर्टात काही निघत नाई. धंतोलीच्या डॉक्टरीणबाई यायले तयार आहेत."

भाऊंनी डोकं खाजवलं. "ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पाहा, बीपीचा पट्टा दंडाले बांधला का फोटो येते. चष्मा घालून देल्ला का फोटो येते. दुखण्याचा फोटो कसा काढू मी? दिसते काय त्यात?"

पुन्हा तेच! मी इतकी चिडले की खुर्चीतून ताडकन उठले, आणि कमरेत जी कळ आली, तिनं तशीच परत बसले. भाऊंना वाटलं मी ठिय्या देऊन राहिले. घाबरून म्हणाले, "बरं बरं, देतो टेबल! पण गर्दी पाहिजे. दहा वाजेपर्यंत गर्दी नाई दिसली तं टेबल पोह्याले जाईन. मागच्या वर्षी पोह्याले टेबल कमी पडलं, लोकायच्या अंगावर तर्रीचा रस्सा सांडला."

"आन् गर्दी झाली तं?"

"तं महापालिकेच्या दवाखान्यात सायबायले मी स्वतः भेटतो. हप्त्यातला एक दिवस दुखण्याचा. शब्द देतो."

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "दुखण्याचं टेबल? मंग एक हवेचंबी लाव." त्या रात्री मी त्यांच्या वरणात मीठ घातलं नाही. याहून मोठा सूड मला सुचला नाही. त्यांनी मुकाट्यानं जेवून घेतलं, त्यामुळं त्याचीही मजा आली नाही.

गर्दी जमवायचं काम मी काकूंना दिलं. सगळं समजावून सांगितलं: हा आजार आहे, याची मोजणी होत नाही, डॉक्टर येणार आहेत, आपण गर्दी केली तर दवाखान्यात सोय होईल. काकू मान हलवत ऐकत होत्या. त्यांच्या डोक्यात त्यातलं काय राहिलं ते शिबिराच्या दिवशी कळलं.

शिबिराच्या सकाळी मी चांगली साडी नेसून टेबलामागं बसले. पुढ्यात पुठ्ठ्याची पाटी, 'दुखणे'. बीपीच्या टेबलावर रांग, शुगरच्या टेबलावर रांग, डोळ्यांच्या टेबलावर धक्काबुक्की. माझ्यासमोर चिटपाखरू नाही. डॉक्टरीणबाईही अजून यायच्या होत्या. पोहेवाला एकदा येऊन टेबलाचा पाय हलवून पाहून गेला, मजबूत आहे काय म्हणून. दुसऱ्यांदा आला तो पातेलं घेऊनच. म्हटलं, गेलं. आता बाबा पोह्यांची प्लेट याच टेबलावर ठेवून खाणार.

तेवढ्यात दारातून काकू आल्या, आणि काकूंच्या मागून अख्खा मोहल्ला. ओट्यावरची सगळी जुनी माणसं. सत्याग्रही आजोबा. कंपनीचा रिटायर झालेला बस ड्रायव्हर. शाळेत खिचडी शिजवणारी बाई. बाबांचे कॅरमचे दोस्त, जे त्यांच्याबरोबर लाइनमन होते. सगळे सरळ माझ्यापाशी आले, रामराम-जयभीम केला, आणि टेबलापुढच्या सतरंजीवर ओळीनं पालथे पडले.

"काकू! हे काय?"

"तूच तं म्हटलं, कंबरवाले सगळे आण. आणले. मार आता," काकू म्हणाल्या, आणि लुगडं सावरून स्वतःही ओळीत पडल्या.

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई आल्या. बॅग हातात धरून त्या दारातच थांबल्या. "योगाचं शिबिर पण आजच आहे का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भाऊ मात्र खुशीत. "वा ताई! याले म्हणते गर्दी! फोटोवाले, वरून घे, सगळे आले पाह्यजेत!" फोटोवाला डोळ्यांच्या टेबलावर चढला, तिथला चष्म्याचा डबा खाली पडला, आणि त्या गडबडीत बाबा आत आले.

बाबांनी सतरंजी पाहिली. पाटी पाहिली. मला पाहिलं. स्टेजवर एक जण माइकवरून, फाटकासमोर लावलेली मोटारसायकल काढा, असं सांगत होता. बाबांनी त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"बंधू-भगिनींनो! लाज वाटू द्या! कोण्या जमान्यात राहता? लाथेनं आजार जाते? उठा! सगळे उठा! आत्ताच्या आत्ता उठा!"

बाबांचा मोहल्ल्यात मान आहे. सगळे उठायला लागले.

पालथं पडायला काय, कोणालाही जमतं. उठणं वेगळं. आजोबांनी आधी एक गुडघा पोटाखाली घेतला, मग बराच वेळ काहीच केलं नाही. खिचडीवाली बाई कोपरांवर आली आणि तशीच थांबली, कपाळ सतरंजीला टेकवून. ड्रायव्हरनं टेबलाचा पाय धरला, सुटला, पुन्हा धरला. काकू, ज्यांचं तोंड मी जन्मात बंद पाहिलं नव्हतं, दात आवळून एका कुशीवर वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कोणी ओरडलं नाही. नुसते "हं", "अं", असे आवाज. सगळं समाजभवन पाहत होतं आणि माणसं उठतच होती, उठतच होती. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. पोहेवाला पुन्हा आला होता, त्याला भाऊ हळूच म्हणाले, "हे टेबल नाई भेटत. जाय." दवाखान्याचा शब्दही त्यांनी पुढे पाळला, मंगळवारची दुपार आता आमची असते.

बाबांनी बोलणं थांबवलं होतं. त्यांचे कॅरमवाले दोस्त अजून जमिनीवरच होते. बाबा माइकसकट खाली, त्यातल्या एका दोस्तापाशी आले. "तुहीबी दुखते? कधी बोलला नाई बे." दोस्त म्हणाले, "तुले काय बोलू? तू टेस्टर काढशीन." बाबांनी त्यांना उठवायला हात दिला, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"आई वं!"

माइक हातात होता. तो "आई वं" समाजभवनाच्या भोंग्यातून गल्लीत गेला, मैदानावर गेला, पोह्यांच्या रांगेतली माणसं प्लेटा घेऊन आत धावली. आम्ही सगळ्यांनी मिळून बाबांना धरून सतरंजीवर उतरवलं. पालथं. दुसरं कसं उतरवणार?

आणि लोकांना चेव आला. "मारा बाई! बापाले मारा!" "मार वं, एकच मार!" काकू डोळे पुसून ओरडायला पुन्हा सगळ्यांच्या पुढं. मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांना बहुतेक कळतच नव्हतं की कुठून सुरुवात करावी. मला त्या गलक्यात काही सुचलं नाही. मी चप्पल काढली, टेबल धरलं, डावा पाय टेकवून उजवा उचलला. कमरेतून जी कळ निघाली ती थेट दातांपर्यंत. मी काही बोलले नाही. न बोलायची सवय झाली होती.

बाबांचा गाल सतरंजीवर टेकला होता. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. त्यांना फक्त माझा टेकलेला पाय दिसत होता.

"राहू दे," ते म्हणाले.

माइक त्यांच्या तोंडाशी पडला होता, चालू. आवाज छतातून आला आणि बाहेरून पुन्हा आला.

"राहू दे वं. पाय कापून राहिला तुहा. इतकी दुखते?"

"हो, बाबा."

"रोज?"

"रोज."

मग छातीखाली हात घालून त्यांनी खिशातला टेस्टर काढला. पडल्या-पडल्या छातीत टोचत असावा. सतरंजीवर ठेवला.

"माहीबी दुखते," ते म्हणाले. "लय वर्षापासून. धंतोलीत फोटो काढला होता म्या, तुले न सांगता. नॉर्मल निघाला. मंग कोणाले सांगू?" आणि टेस्टरकडे पाहत, "टेस्टरबी खराब असू शकते, बाई. लाइनमनले हे समजाले पाह्यजे होतं."

डॉक्टरीणबाई सतरंजीवर मांडी घालून त्यांच्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, "कुठं दुखतं ते सांगा, बाबा. सावकाश सांगा."

"माह्यं राहू द्या," बाबा म्हणाले. "आधी हिले पाह्या. हिचं आमी ऐकलंच नाई."

मी लाथ मारलीच नव्हती. उचललेला पाय नुसता खाली ठेवला होता. पण इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पुढं झाले आणि मी त्यांच्या पाया पडायला निघाले.

"वाकू नोको," बाबांचा आवाज भोंग्यातून सगळ्या मोहल्ल्यात गेला. "वाकू नोको वं, कंबर दुखते तुही."